पुण्याचं नाव लावण्याआधी : भावी संघमालकांना खुलं पत्र

प्रति,
पुण्याच्या नावाने उद्या-परवा एखादा संघ काढू पाहणारे मालक, त्यांचे भागीदार आणि सल्लागार यांस,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुम्ही येणार हे आम्हाला ठाऊक आहे. आज ना उद्या कुठल्यातरी खेळाची नवी लीग निघेल, लिलावाच्या यादीत पुणे असेल आणि आयटी पार्क, कॉलेजं, तरुणांची गर्दी वगैरे आकडे दाखवून कुणीतरी तुम्हाला पटवेल की इथे बाजारपेठ तयार आहे. तुम्ही पैसे मोजाल. ढोल-ताशा पथक बोलावून जर्सीचं अनावरण कराल. आम्हीही जमू. ढोल वाजला की पुणेकर जमतोच, त्यात तुमचं विशेष काही नाही. पण तुमच्या सल्लागारांच्या फायलीत नसतील अशा काही गोष्टी त्याआधी कानावर घालायच्या आहेत.

पुण्याचं नाव छातीवर मिरवणारे संघ याआधीही आले. २०११ साली आयपीएलमध्ये पुणे वॉरियर्स आले. गहुंज्याचं स्टेडियम तयार नव्हतं, म्हणून पहिल्या वर्षी आमचं घरचं मैदान होतं नवी मुंबईत. म्हणजे पुणेकराने स्वतःच्या संघाला घरी खेळताना बघायला घाट उतरायचा. उतरलो. २०१२ मध्ये गहुंजे उघडलं आणि त्या वर्षी आम्ही तक्त्यात शेवटचे आलो. २३ एप्रिल २०१३ ला बंगळुरूत ख्रिस गेलने ६६ चेंडूंत नाबाद १७५ कुटल्या, त्या आमच्याच गोलंदाजांना. त्या मोसमानंतर संघ गेला, पण ती चित्रफीत काही गेली नाही. आयपीएलचे विक्रम म्हटलं की ती लागते, आणि पुण्याचं नाव लावलेले गोलंदाज पुन्हा एकदा चेंडू प्रेक्षकांत जाताना बघत उभे राहतात.

मग २०१६ ला रायझिंग पुणे सुपरजायंट्स. चेन्नई आणि राजस्थानवर दोन वर्षांची बंदी आली, त्या रिकाम्या जागा भरायला पुणे आणि राजकोट. मुदत आधीच ठरलेली होती, दोन वर्षं. पहिल्याच वर्षी राज्यात दुष्काळ होता; मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले आणि आमचं घर विशाखापट्टणमला गेलं. त्याबद्दल तक्रार नाही. लातूरला रेल्वेने पाणी जात असताना खेळपट्टीवर पाणी मारा म्हणणारा चाहता मी नव्हे. फक्त नोंद करून ठेवतो, की तीन मोसम पुणे वॉरियर्स पाहिलेल्या माणसाला चौथ्या मोसमात पुन्हा आपलं घर नकाशात शोधावं लागलं.

दुसऱ्या वर्षी इंग्रजी नावातला शेवटचा 'एस' काढून टाकला, नशीब पालटावं म्हणूनच असेल. आणि खरंच पालटायला लागलं की! स्टीव्ह स्मिथ कर्णधार, साडेचौदा कोटींचा बेन स्टोक्स, आणि सलामीला दहा लाखांत मिळालेला आपला राहुल त्रिपाठी. हा कोण, असं रणजी बघणाऱ्या पुणेकराला कुणाला विचारावं लागलं नाही. त्याने त्या मोसमात ३९१ धावा काढल्या. मुंबईला आम्ही साखळीत दोनदा हरवलं, मग क्वालिफायरमध्ये वानखेडेवर तिसऱ्यांदा. चौथी गाठ पडली २१ मे २०१७ ला, अंतिम सामन्यात.

माझी सासुरवाडी दादरची. लग्नसराईचे दिवस, त्यामुळे त्या रात्री मी तिथेच. मुंबईच्या १२९ धावा झाल्या तेव्हा घरात अवकळा आली होती आणि मी जावयाला शोभेल इतपतच आनंद चेहऱ्यावर येऊ देत होतो. शेवटच्या षटकात ११ हव्या होत्या. मनोज तिवारीने जॉन्सनच्या पहिल्याच चेंडूला चौकार मारला. ५ चेंडू, ७ धावा. मी उभा राहिलो. पुढच्या चेंडूवर तिवारी गेला, त्याच्या पुढच्या चेंडूवर स्मिथ गेला. मी बसलो. शेवटच्या चेंडूवर चार हव्या होत्या. दोन पळून झाल्या, तिसरी घेताना धावबाद. १२८. एका धावेने.

सासरे भले गृहस्थ. त्यांनी चिडवलं असतं तर मीही दोन शब्द सुनावले असते आणि मोकळा झालो असतो. ते म्हणाले, "छान खेळले हो तुमचे." मग आतून आंब्याचं आइस्क्रीम आणायला सांगितलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, "पुढच्या वर्षी नाहीच ना हा संघ?"

मालक महोदय, हे वाक्य जपून ठेवा. जगातला कुठलाही चाहता हरल्यावर स्वतःची समजूत एकाच तऱ्हेने काढतो : पुढच्या वर्षी बघू. त्या रात्री आम्हाला तेवढं म्हणायचीसुद्धा सोय नव्हती. अंतिम सामना एका धावेने हरलेला संघ दुसऱ्या दिवशी अस्तित्वातच नव्हता म्हटलं तरी चालेल. राग कुणावर काढायचा? पुढच्या लिलावात कोण घ्यावा यावर कट्ट्यावर भांडायचं तरी कशासाठी?

आणि २०१८ मध्ये काय झालं ते ऐका. चेन्नई परत आली, कावेरीच्या वादामुळे तिचे घरचे सामने तिथे होईनात आणि ते आले गहुंज्याला. आमच्याच स्टँडात पिवळा समुद्र. चेन्नईहून खास रेल्वेगाडी भरून चाहते आले होते, शिट्ट्या वाजवत. दोन वर्षं त्यांना संघ नव्हता, पण तो परत येईल हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते थांबले. मला त्यांचा हेवा वाटला, हे लपवत नाही. त्यांनी त्या वर्षी करंडकही नेला. पुढे २०२४ मध्ये आमचा ऋतुराज गायकवाड त्यांचा कर्णधार झाला. अभिमान वाटतो, वाटणारच. पण मुलाचं कौतुक शेजारच्या गच्चीवरून ऐकू यावं अशातला तो अभिमान आहे.

फुटबॉलवाल्यांचं दुःख कुणी ऐकूनही घेतलं नाही. पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला होता. सगळ्या देशात दुसरा. २०१५ मध्ये क्लब बंद. तोवर आयएसएलमध्ये एफसी पुणे सिटी आला होता. २०१८ ला तो उपांत्य फेरीत पोहोचला. बालेवाडीत ०-०, बंगळुरूत सुनील छेत्रीचे तीन गोल आणि १-३. पुढचा मोसम कसाबसा संपला आणि २०१९ ला त्या जागेवर उभा राहिला हैदराबाद एफसी.

हैदराबादचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. एरवी मी अंधश्रद्ध नाही. पण २०१४ चा रणजी अंतिम सामना आम्ही, म्हणजे महाराष्ट्राचा संघ, कर्नाटककडून हरलो तो हैदराबादला. २०१७ चा तो एका धावेचा, हैदराबादला. फुटबॉल संघ गेला हैदराबादला. त्या शहराशी माझं वैयक्तिक भांडण नाही, पण तिकडून फोन आला तरी मी आधी दुसऱ्या कुणाला तरी उचलायला सांगतो.

तेव्हा आमची पहिली हरकत लक्षात आली असेल. एवढे सगळे आले ते अकरा महिन्यांच्या करारावर राहायला आल्यासारखे. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, दारावर पाटी लावायची नाही, मुदत संपली की टेम्पो दारात. भाडेकरू म्हणून वाईट नव्हते. काही तर फार चांगले होते. पण जाताना कुणी किल्लीसुद्धा शेजाऱ्याकडे ठेवली नाही. पुणे वॉरियर्सचे, पुणे सिटीचे आकडे, करंडक, जुने फोटो या शहरात एका ठिकाणी बघायचे म्हटले तर कुठे जायचं?

तुम्हाला वाटेल, हा माणूस हरण्याचं रडगाणं गातोय. तसं नाही. हरण्यात आमचा हात कुणी धरणार नाही. महाराष्ट्राच्या रणजी संघाने करंडक जिंकला १९३९-४० ला आणि लगेच १९४०-४१ ला, दोन्ही वेळा प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली. स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारा हा माणूस पन्नाशीला टेकलेला असताना संघ घेऊन उतरत होता आणि जिंकत होता. त्यानंतर ८० हून अधिक वर्षं झाली, तिसरा करंडक आलेला नाही. १९७०-७१ ला अंतिम सामन्यात मुंबईकडून ४८ धावांनी हरलो, आणि मुंबईचे कसोटीवीर तेव्हा वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होते! १९९२-९३ ला लुधियान्यात पंजाबकडून. मग २०१४ चं ते सांगितलंच. याच राज्यातली मुंबई ४२ वेळा जिंकली, आणि विदर्भाने २०१७-१८ पासून बघता बघता तीन वेळा नेला. नावात अख्खा महाराष्ट्र असलेला संघ मात्र दोनवरच अडून बसलाय.

आमचे पराभवसुद्धा साधे नसतात. मार्च १९४९ मध्ये पुण्यातच मुंबईविरुद्धचा उपांत्य सामना झाला. मुंबईच्या ६५१ आणि ८ बाद ७१४. आमच्या ४०७ आणि चौथ्या डावात ६०४. चौथ्या डावात सहाशे चार करून आम्ही ३५४ धावांनी हरलो! एकूण धावा २,३७६, प्रथम श्रेणी क्रिकेटमधला आजही जागतिक विक्रम. त्याच मोसमात, डिसेंबर १९४८ मध्ये, भाऊसाहेब निंबाळकरांनी पुण्यातच काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम ९ धावांवर होता. विश्रांतीच्या वेळी काठियावाडच्या संघाने आणखी मार खायला नकार दिला आणि घरचा रस्ता धरला. निंबाळकरांना एकही कसोटी मिळाली नाही. आमच्याकडे विक्रम होतात तेही असे, शेवटचा घास तोंडाशी थांबलेले. २०१६ मध्ये स्वप्नील गुगळे आणि अंकित बावणेने ५९४ ची अखंड भागीदारी केली, रणजीतली तोवरची सर्वात मोठी, ती वानखेडेवर, दिल्लीविरुद्ध. कारण त्या वर्षी सगळे सामने त्रयस्थ मैदानांवर ठेवले होते आणि संघ मोसमभर घरी खेळलाच नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऋतुराजने विजय हजारे करंडकात एका षटकात (एक नोबॉल धरून) सात षटकार मारले, उपांत्य सामन्यात १६८, अंतिम सामन्यात १०८. करंडक सौराष्ट्राने नेला.

तरी आम्ही जातो. का, ते कळायला रणजीच्या स्टँडात एक दिवस बसावं लागतं. कॉलेज बुडवून नेहरू स्टेडियमच्या तापलेल्या पायऱ्यांवर पेपर अंथरून बसायचो, तेव्हा तिथे मोजकी माणसं असत आणि त्यांना एकमेकांच्या जागा माहीत असत. एक गृहस्थ घरून स्वतःची धावफलकाची वही आणत. धावा निळ्या शाईने, बळी लाल शाईने, आणि अधिकृत गुणलेखकाचं आणि त्यांचं जुळलं नाही तर चूक गुणलेखकाची. दुसरे एक काका फक्त थर्डमॅनशी बोलत. "अरे, दोन पावलं पुढे ये, तो कट मारणार नाही, त्याला येतच नाही." तो पोरगा मागे न बघता दोन पावलं पुढे यायचा. पुढचाच चेंडू नेमका त्याच्या डोक्यावरून सीमेपार जायचा आणि सगळा स्टँड काकांकडे बघायचा. "टाकला कसा ते बघा ना," काका म्हणायचे. प्रेक्षकाला असं स्थान मी एकाही जाहिरातीत पाहिलेलं नाही. खेळाडूला तुमचा आवाज ओळखू येतो. तो घसरला की त्याच्या मामाला कळायच्या आधी तुम्हाला कळतं.

आणि मग एखाद्या दिवशी त्याचं सगळं व्याज मिळतं. १५ जानेवारी २०१७, गहुंजे. इंग्लंडच्या ३५०. भारत ४ बाद ६३, आणि बॅट काखेत धरून येतोय केदार जाधव. टीव्हीवर बघणाऱ्या देशाला तेव्हा केदार म्हणजे सहाव्या क्रमांकाचा कुणीतरी होता. आम्ही त्याला याच मैदानावर उत्तर प्रदेशविरुद्ध ३२७ करताना पाहिला होता, २०१३-१४ च्या मोसमात १,२२३ धावांचा रतीब घालताना पाहिला होता. त्यामुळे समोर विराट कोहली होता तरी स्टँडातला आवाज केदारच्या नावाने वाढत गेला. ७६ चेंडूंत १२०. शेवटी शेवटी पायात गोळे आले होते, धाव घेताना लंगडत होता, मग त्याने धावा घेणंच कमी केलं आणि मारायला लागला. माझ्या मागे बसलेला एक अनोळखी माणूस माझे खांदे गदागदा हलवून "सांगितलं होतं की नाही! सांगितलं होतं की नाही!" म्हणत होता. त्याने मला काहीच सांगितलं नव्हतं. पण मीही "हो, हो" म्हणत होतो. जिंकल्यावर एक्स्प्रेसवेच्या कडेने अंधारातून गाडीपर्यंत बरंच चालावं लागलं आणि त्या रात्री कुणी कुरकुर केली नाही. (एरवी करतात. त्यावर खाली येतोच.)

आमच्यात टिकलेला एक संघ आहे, तोही तुम्ही बघून घ्या. पुणेरी पलटण. प्रो कबड्डीच्या पहिल्या मोसमापासून, २०१४ पासून, याच नावाने. सुरुवातीला तळाशी होता. २०२२ ला अंतिम सामन्यात जयपूरकडून २९-३३ ने हरला. पण तेव्हा "पुढच्या वर्षी बघू" म्हणता आलं, आणि खरोखर पुढच्याच मोसमात, १ मार्च २०२४ ला, अस्लम इनामदारच्या संघाने हरियाणाला २८-२५ ने हरवून करंडक उचलला. कुठे, विचारा. हैदराबादला! त्या दिवसापासून माझा त्या शहरावरचा राग निम्मा झाला आहे. त्यानंतरच्या मोसमाचा अंतिम सामना ठेवला आमच्या बालेवाडीत, तर पलटण बाद फेरीतसुद्धा नव्हती. आमच्या गावात हरियाणा आणि पाटणा खेळले आणि आम्ही पाहुण्यांसाठी टाळ्या वाजवल्या. २०२५ ला पलटण पुन्हा अंतिम फेरीत, पण सामना दिल्लीत आणि समोर दिल्ली. २८-३१. जिंकलो तेव्हाही आमचे गुण २८ आणि हरलो तेव्हाही २८. या आकड्याचं काय करायचं ते अजून आमच्या कट्ट्यावर ठरलेलं नाही. पण वाद चालू आहे आणि पुढच्या मोसमापर्यंत पुरेल एवढा आहे. संघ टिकला की हे असे वाद मिळतात. तुमच्या सल्लागारांना याची किंमत काढता येत असेल तर काढू द्या.

आता कामाचं बोलतो. येणार असाल तर निदान दहा वर्षांच्या तयारीने या, आणि तसं पहिल्याच पत्रकार परिषदेत सांगा. पहिले तीन मोसम हराल. हरा. शेवटून पहिला आलेल्या संघाच्या नावाने खडे फोडायला आम्हाला आवडतं. त्याचा अर्थ आम्ही सोडून चाललो असा घेऊ नका. घरचे सामने घरी ठेवा. दुष्काळ, निवडणूक, महामारी समजू शकतो, पण दुसऱ्या शहराने जास्त पैसे देऊ केले म्हणून चार सामने तिकडे, असं करणार असाल तर नावही तिकडचंच लावा. संघात दोन-तीन तरी पोरं अशी घ्या, ज्यांना आम्ही क्लबच्या मैदानावर, मंडळाच्या मातीत पाहिलं आहे, आणि त्यांना नुसतं बाकावर बसवून जाहिरातीत नाचवू नका. दर वर्षी रंग बदलू नका. घरात चार रंगांच्या जर्सी आहेत आणि त्यातल्या एकीचाही संघ आज नाही. भरचौकात ती घालून फिरलं की लोक सहानुभूतीने बघतात.

सामना रात्री गहुंज्यात असेल तर परतीच्या बसची सोय तिकीटविक्रीच्या आधी जाहीर करा. स्टेडियमच्या दारापासून, शेवटचा प्रेक्षक बाहेर पडेपर्यंत. लहान पोरांना घेऊन येणारा माणूस विसाव्या षटकाऐवजी सोळाव्या षटकात का उठतो, याचं उत्तर तुम्हाला कुठल्याही सर्वेक्षणाशिवाय तिथेच मिळेल.

आणि जायची वेळ आलीच, तर चोरासारखे जाऊ नका. एक मोसम आधी सांगा. शेवटचा सामना शेवटचा आहे हे आम्हाला माहीत असू द्या, म्हणजे निरोप तरी देता येईल. करंडक, धावफलक, फोटो याच गावात कुठेतरी ठेवून जा. दुसऱ्या कुणाला संघ विकणार असाल तर पुण्यातच कुणी घेतंय का ते आधी विचारा. आमच्याकडे पैसे नसतील, पण मतं पुष्कळ आहेत आणि ती आम्ही फुकट देतो.

एवढं मान्य असेल तर खुशाल बोली लावा. त्याआधी हिवाळ्यात महाराष्ट्राच्या एखाद्या रणजी सामन्याला या, शक्यतो मंगळवारी-बुधवारी, दुपारच्या सत्रात. व्हीआयपी कक्षात बसू नका. टोपी आणा, सावली मिळण्याची खात्री नाही. थर्डमॅनच्या बाजूला कुणीतरी बसलेलं असेलच. शेजारी जाऊन बसा आणि पहिला अर्धा तास काही बोलू नका.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक पुणेकर
(संघ : येईल तो)

ता. क. : अंतिम सामना हैदराबादला असेल तर दादरला कळवू नका.